महाबळेश्वरसारख्या थंड, दमट गावात बाथरूमची फरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खिडकी उघडली की धुकं घरात शिरतं, डब्यातले पापड सादळतात, कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते. पुढे थंडीत वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दव गोठतं. मी याच भागात घरांची डागडुजी आणि बाथरूमची कामं करतो. पुण्या-मुंबईहून इथे घर बांधायला येणारे आणि इथलेच जुने रहिवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आंबोली, माथेरान, पाचगणी, लोणावळा इथेही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

सगळ्यात वॉटरप्रूफ फरशी कोणती?

जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात या प्रश्नाने करतो. चांगल्या व्हिट्रिफाइड टाइलमधून पाणी जवळपास जातच नाही. पण बाथरूमची जमीन म्हणजे एक अखंड टाइल नसते. तिच्यात शंभर-दीडशे सांधे असतात, पाइप वर आलेले असतात, न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड असतं, भिंतीला लागलेले कोपरे असतात. पाणी तिथून उतरतं. म्हणून वॉटरप्रूफिंगची जबाबदारी टाइलवर टाकू नका, ती टाइलच्या खालच्या थराची आहे.

आणि आपल्या हवेत आणखी एक गोष्ट आहे, जी सोलापूर-नगरकडे कुणाच्या मनातही येणार नाही. तिकडे सकाळी आंघोळ झाली की दहा वाजेपर्यंत जमीन कोरडी खडखडीत होते. इथे जुलैत सकाळी ओली झालेली जमीन रात्रीही ओलीच असते. त्यामुळे फरशी निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: ही जमीन किती लवकर वाळेल? उतार, सांधे, खरखरीतपणा, हवा खेळणं हे सगळं त्या प्रश्नाच्या पोटात येतं.

फरशीखाली नेमकं काय करून घ्यायचं?

इथे घाई करू नका आणि पैसेही वाचवू नका. टाइल नंतर बदलता येते, खालचा थर बदलायचा तर सगळं बाथरूम फोडावं लागतं.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला बहुतेक सन्क दिलेला असतो, म्हणजे स्लॅब आठ ते बारा इंच खाली घेतलेला असतो. आपल्याकडची जुनी पद्धत अशी की हा खड्डा विटांचे तुकडे आणि मालाने भरायचा, वर कोबा, वर फरशी. या पद्धतीत दोष असा की कुठूनही पाणी आत गेलं की विटांचे तुकडे स्पंजासारखे ते धरून ठेवतात. कोरड्या प्रदेशात ते हळूहळू उडून जातं. इथे ते जात नाही. खालच्या खोलीच्या छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात आणि सळ्या गंजायला लागतात.

म्हणून मी दोन थरांत वॉटरप्रूफिंग करतो. पहिला थर सन्कच्या तळाला, मूळ स्लॅबवर. दुसरा भराव टाकून, उताराचा कोबा केल्यावर, टाइलच्या लगेच खाली. सन्कच्या तळाशी एक छोटा पाइप बाहेर काढून ठेवतो. चुकून पाणी साचलंच तर ते छतातून उतरण्याआधी त्या पाइपातून ठिबकतं आणि आपल्याला कळतं.

कोटिंगसाठी सिमेंट आणि पॉलिमर असं दोन भागांत मिळणारं मिश्रण इथे चांगलं चालतं. दोन हात द्यायचे, पहिला आडवा तर दुसरा उभा. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात आधी मालाचा वाटा, म्हणजे कोपरा गोलसर करणारी पट्टी, मारून घ्यायचा, काटकोन तसाच ठेवायचा नाही. काटकोनातलं कोटिंग पहिल्या हालचालीला चिरतं. वाट्यावर फायबरची जाळी बसवून मगच कोटिंग करायचं. चारी भिंतींवर निदान एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर सहा-सात फूट ते वर न्यायचं. पाइपांच्या भोवतीची जागा बोटाने चाचपून पाहा. गळतीची निम्मी कामं मला तिथेच सापडली आहेत.

दाराची पट्टी विसरू नका. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा निदान अर्धा ते एक इंच खाली हवी आणि पट्टीखालीही कोटिंग गेलेलं हवं. नाहीतर पाणी पट्टीखालून बेडरूममध्ये सरकतं आणि लाकडी चौकट खालून कुजते. मी चौकटीही ग्रॅनाइटच्या करायला सांगतो.

तळमजल्याला हे सगळं लागतं का? खाली तर माती आहे.

लागतं, पण कारण उलटं असतं. इथे पाणी खालून वर येतं. जुन्या बंगल्यांची जोती जांभ्या दगडाची आहेत आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसाळाभर जमीन पाण्याने भरलेली असते आणि ती ओल जांभ्यातून वर चढते. नवीन काम करताना सोलिंगवर, म्हणजे दगडांच्या भरावावर, जाड प्लॅस्टिकचा कागद कडेवर कड चढवून अंथरा, मग पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) करा. तो कागद भिंतीपाशी थोडा वर वळवलेला असावा. जुन्या घरात हे शक्य नसेल तर दमट पृष्ठभागावर चालणारं कोटिंग निवडा, आणि बाहेरच्या बाजूने गटार काढून जोत्यापासून पाणी लांब न्या. पुष्कळदा त्या गटारानेच अर्धं काम होतं.

उतार किती ठेवायचा?

मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. कमी ठेवला तर पाणी साचतं, जास्त ठेवला तर स्टूल डगमगतं आणि म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. उतार कोब्यातच काढून घ्यायचा, टाइल बसवताना मालाचा थर कमी-जास्त करून नाही. काम संपल्यावर गवंड्यासमोर चार कोपऱ्यांत गोटी सोडा. चारही वेळा ती ट्रॅपकडे आली पाहिजे.

पाणी भरून चाचणी कशी घ्यायची?

ट्रॅपच्या तोंडाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवायचा, दारात मालाचा छोटा बांध घालायचा आणि दोन इंच पाणी भरायचं. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. निदान ४८ तास तसंच ठेवायचं. खाली खोली असेल तर तिच्या छताकडे सकाळ-संध्याकाळ बॅटरी मारून पाहायचं.

दमट दिवसांत ही चाचणी जास्त खरी ठरते. धुक्यात पाणी जवळपास उडतच नाही, त्यामुळे पेन्सिलच्या रेघेपासून पातळी बोटभर खाली गेली तर ते कुठेतरी मुरलं असंच समजायचं. चाचणी दोनदा करा, कोटिंगनंतर आणि टाइल बसल्यावर. ‘दोन दिवस कशाला फुकट घालवायचे’ असं मिस्त्री म्हणाले तरी ऐकू नका.

सिरॅमिक घ्यावी की व्हिट्रिफाइड?

जमिनीसाठी व्हिट्रिफाइड. तिचं पाणी शोषण ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असतं. जमिनीसाठीच्या साध्या सिरॅमिकचं साधारण ३ ते ६ टक्के असतं, आणि भिंतीच्या टाइलचं १० टक्क्यांच्या वर. भिंतीसाठी आणलेल्या उरल्या-सुरल्या टाइल जमिनीला लावायचा मोह होतो, तो टाळा. त्या लवकर फुटतात आणि पाण्याने जड होतात.

दुकानात ओळखायचं कसं? टाइल उलटी करा आणि पाठीवर चमचाभर पाणी टाका. भिंतीची टाइल ते बघता बघता पिऊन टाकते आणि तिथे गडद डाग उमटतो. व्हिट्रिफाइडवर पाणी तसंच थेंब होऊन बसतं. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या मालात दर्जाचे फार प्रकार असतात, म्हणून खोक्यावरचं नाव वाचून थांबू नका, ही परीक्षा कराच.

एक तोटा सांगतो. पाणी शोषत नाही म्हणूनच व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंट-वाळूच्या मालाला नीट धरत नाही. काही वर्षांनी ठोकून पाहिलं तर बद्द आवाज येतो, म्हणजे खाली पोकळी आहे आणि तिथे पाणी साठतंय. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच वापरा. पिशवीवर ‘आयएस १५४७७’ आणि व्हिट्रिफाइडचा उल्लेख आहे का ते पाहा. २० किलोची पिशवी तीन मिलिमीटर थराने ४५ ते ५० चौरस फुटांना पुरते. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे ओढलेलं हवं. मध्ये आणि चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबली तर ती पोकळ राहणारच.

चकचकीत टाइल दिसायला किती छान! ती खरंच इतकी घसरते का?

हो. माझ्या आईच्या बाबतीत मी ते पाहिलं आहे. आमच्या घरात मीच हौसेने पांढरी, आरशासारखी टाइल आणली होती. तिसऱ्या पावसाळ्यात आई पहाटे आत गेली, जमिनीवर पाणी सांडलेलं नव्हतं, फक्त दव धरलं होतं. ती पडली आणि मनगट मोडलं. त्यानंतर मी कुणाच्याही बाथरूमला चकचकीत टाइल बसवून देत नाही, काम गेलं तरी चालेल.

मॅट किंवा अँटिस्किड टाइल घ्या. खोक्यावर आर ९, आर १० असे आकडे असतात; आकडा वाढेल तशी पकड वाढते. पण ही चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून केलेली असते. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यात केलेली वेगळी वर्गवारी असते, ए, बी आणि सी. ती दिलेली असेल तर बी किंवा सी पाहा. दिलेली नसेल तर दुकानातून एक नमुना घरी आणा, साबणाचं पाणी ओता, भिंतीला धरून अनवाणी पाय घासून बघा. याहून खात्रीचं दुसरं काही नाही.

खरखरीतपणाचीही मर्यादा असते. फार खोल नक्षीची टाइल घेतली तर तिच्या खळग्यांत साबण, तेल आणि इथली तांबडी माती बसते, आणि त्यावर शेवाळ धरतं. मग तीच टाइल घसरायला लागते. हात फिरवल्यावर बारीक सँडपेपरसारखी लागेल एवढी पुरे.

दोन बाय चारच्या मोठ्या टाइल बसवल्या तर सांधे कमी होतील ना?

सांधे कमी होतील, पण उतार काढता येणार नाही. ट्रॅपकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते, आणि तिथे गवंडी हात आखडता घेतो. मध्येच पाणी साचतं. जमिनीला एक बाय एक फुटाची टाइल घ्या, हवी तर याहून लहान. सांध्यांमुळे पायाला पकडही मिळते. मोठ्या टाइलची हौस भिंतीवर भागवा.

कोटा, शहाबादी, कडप्पा यांचं काय? जुन्या न्हाणीघरात तर हेच दगड होते.

होते, आणि पन्नास-पन्नास वर्षं टिकले. जुनी न्हाणी मात्र घराच्या मागे, वाऱ्यात, बऱ्याचदा उघड्यावर असायची. पाणी परसातल्या केळींना जायचं, शेजारी बंब पेटलेला असायचा, दगड रोज शेकून निघायचा. आज तोच दगड आपण बंद खोलीत घालतो.

कोटा मला आवडतो. पॉलिश न केलेला किंवा लेदर फिनिशचा (चामड्यासारखा किंचित खरबरीत) कोटा ओल्या पायाला चांगला धरतो आणि घासून पुन्हा नवा करता येतो. बसवण्याआधी सहाही बाजूंना सीलर लावा आणि दर एक-दोन वर्षांनी वरून पुन्हा द्या. शहाबादी जास्त मऊ आणि थरांची असते, ओलीत तिचे पापुद्रे सुटतात. ती मी मागच्या मोरीला आणि धुण्याच्या जागेला वापरतो. कडप्प्यावर साबणाचे पांढरे डाग फार उठून दिसतात. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, अ‍ॅसिड पडलं की खातात. संगमरवराचंही तेच. फ्लेम्ड, म्हणजे ज्वाळेने पृष्ठभाग खरखरीत केलेला, ग्रॅनाइट सगळ्यांत टिकाऊ. जांभा जमिनीला अजिबात नको.

व्हिनाइल किंवा एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणून मिळतात. त्या चालतील?

पट्टी स्वतः पाण्याने खराब होत नाही, हे खरं. पण आपण बादली-तांब्याने आंघोळ करतो, पाणी सगळ्या जमिनीवर पसरतं. ते पट्ट्यांच्या खाचांतून आणि कडांतून खाली जातं आणि तिथे अडकतं. वरून सगळं स्वच्छ दिसतं, खाली काळी बुरशी वाढते आणि खोलीला कुबट वास येतो. मी अशी जमीन उचलली आहे. पट्ट्यांचा खालचा अंग काळा-हिरवा होता आणि कोब्याला हात लावला तर बोटं ओली झाली.

इंग्लंड-स्कॉटलंडला स्थायिक झालेले आपले लोक मला विचारतात, तेव्हा मी वेगळं सांगतो. तिथे बाथरूमच्या जमिनीला बहुतेक ट्रॅपच नसतो, बऱ्याच जुन्या घरांत खाली लाकडी तुळया-फळ्या असतात, आणि आंघोळ टबात किंवा शॉवर-ट्रेमध्येच होते. त्या जमिनीला अखंड व्हिनाइलची शीट, कडा नीट सील करून, योग्य आहे. तिथे तांब्याने जमिनीवर पाणी घेऊन मात्र आंघोळ करू नका, खालच्या खोलीचं छत गळेल. परदेशी व्हिडिओ पाहून इथे फरशी निवडताना हाच फरक ध्यानात ठेवा.

सांध्यात साधं ग्राउट (सांधे भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरावं की इपॉक्सी (रेझिनचं)?

जमिनीला इपॉक्सी. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, आणि इथे ते वाळतच नाही, म्हणून दोन पावसाळ्यांत काळं पडतं. इपॉक्सी कित्येक पट महाग आहे, पण बाथरूमच्या जमिनीचे सांधे असतात तरी किती? सांधा निदान दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा; टाइलला टाइल चिकटवली तर दरजा भरायला जागाच उरत नाही. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यातल्या सांध्यात ग्राउट नको, बुरशी न धरणारा सिलिकॉन भरा. पांढरा रंग टाळा, तांबड्या मातीच्या गावात राखाडी किंवा विटकरी बरा.

पाणी सांडलं नसतानाही जमीन ओली दिसते. गळतं आहे का?

कदाचित नाही. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, जमीन कोरडी पुसून त्यावर ठेवा, चारी कडा रुंद टेपने बंद करा आणि एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल खालून येते आहे. वरच्या बाजूला आले तर ते हवेतलं पाणी आहे, गार फरशीवर धरलेलं.

हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २१ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. गिझरच्या पाण्याची वाफ भरलेली खोली आणि १६-१७ अंशांची फरशी, म्हणजे ते होणारच. अशा वेळी कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी उपयोग नाही, वाफ बाहेर काढावी लागते.

बाहेर धुकंच असताना एक्झॉस्ट फॅन लावून काय फायदा? ओलीच हवा आत येणार ना?

फायदा आहे. १८ अंशांच्या धुक्यातल्या हवेत घनमीटरला साधारण १५ ग्रॅम पाणी मावतं. वाफेने भरलेल्या २५ अंशांच्या बाथरूममध्ये ते २३ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे धुक्यातली हवा आत आली तरी ती आतल्यापेक्षा कोरडीच असते. आंघोळीनंतर अर्धा तास फॅन चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट असू द्या, हवा आत आलीच नाही तर फॅन बाहेर काय फेकणार? आणि आंघोळ झाल्या झाल्या रबरी वायपरने जमीन ओढून घ्या. दोन मिनिटं लागतात, आणि कुठल्याही महागड्या कोटिंगइतका त्याचा उपयोग होतो.

थंडीत पाय गारठतात. उबदार फरशी कोणती?

टाइल काय, दगड काय, सगळे गारच. उभं राहायच्या जागेपुरता सागवानी पट्ट्यांचा, खाली फटी असलेला पाट ठेवा आणि रोज उचलून भिंतीला उभा करा. कायम जमिनीवर राहिला तर त्याच्याखाली शेवाळ धरेल. टाइलखाली विजेची हीटिंग मॅटही बसवता येते, तिने जमीन वाळतेही लवकर. पण वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. जुन्या वायरिंगच्या घरात मी ती बसवायला नकार देतो.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात स्लॅब आणि कोबा वाळत नाही, आणि ओल्या कोब्यावर मारलेलं बरंचसं कोटिंग फुगून सुटतं. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात इपॉक्सी आणि सिमेंट दोन्ही सावकाश धरतात. काम करायचंच तर दुपारी करा आणि एरवीच्या दुप्पट वेळ द्या. मेच्या शेवटी मात्र कुणीही वेळ देत नाही, सगळे मजूर घरांना कोळंबाच्या गवताच्या झडी, म्हणजे पावसापासून भिंती झाकणारे पडदे, बांधण्यात गुंतलेले असतात.

जुन्या टाइलवरच नवीन टाइल बसवली तर?

गळती नसेल, ठोकल्यावर कुठेच बद्द आवाज येत नसेल आणि दाराला उंची पुरत असेल, तरच. गळती असेल तर ती फक्त झाकली जाईल.

घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद असतं. काय काळजी घ्यावी?

न्हाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात उडून गेलं की घाण वास आणि झुरळं वर येतात. निघताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खायचं तेल टाका, तेलाच्या थरामुळे पाणी उडत नाही. बाथरूमचं दार उघडं ठेवा, खिडकीची जाळीची झडप उघडी ठेवा, पायपुसणं घरी घेऊन जा.

डाग काढायला अ‍ॅसिड चालेल का?

नको. ते सिमेंटचं ग्राउट आणि चुनखडीचे दगड खातं. बुरशीसाठी पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकाच दिवशी, एकाच जागी कधीही वापरू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. बाई कामाला येत असतील तर दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात देऊच नका, अ‍ॅसिडची बाटली घरातच ठेवू नका.